पक्ष मोडला त्या दिवसाचा कागद

आमच्या आणि मिस्टर सोलानेसांच्या घरांमध्ये एकच भिंत होती आणि ती इतकी पातळ होती, की आमच्या कुकरच्या शिट्ट्या त्यांना मोजता यायच्या. "काल पाच झाल्या. राजमा?" असं ते मला फाटकाशी विचारायचे, आणि त्यांचं सहसा चुकत नसे. आम्हाला त्यांचा रेडिओ ऐकू यायचा, खोकला ऐकू यायचा, जिना उतरताना मध्येच थांबून घेतलेला श्वाससुद्धा ऐकू यायचा. ब्रिस्टलमधल्या हॉरफील्डच्या त्या गल्लीत सगळी घरं अशीच एकमेकांना खांदा लावून उभी होती. आईला त्यात काही वावगं वाटत नसे. उलट पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही, की ती अस्वस्थ व्हायची. "गौरे, जरा बघून ये गं, सोलानेकाका आज उठलेले दिसत नाहीत," असं म्हणून ती माझ्या हातात वाटीभर काहीतरी द्यायची. त्यांच्या नावातला शेवटचा स तिने पहिल्याच आठवड्यात गाळून टाकला होता, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते आमच्याच नात्यातले कुणी वाटत.

घरात तेव्हा सगळे जरा हळूच बोलायचे. बाबा पुण्याहून ब्रिस्टलला आले ते हायली स्किल्ड व्हिसावर, विमानांच्या पंखांची गणितं करणाऱ्या एका टीममध्ये. चार वर्षं काढली, की इथे कायम राहायची परवानगी मिळते, असा नियम होता. आमची चार वर्षं भरत आली आणि सरकारने चाराची पाच केली. तेवढ्या एका वर्षाने बाबांचा स्वभाव बदलून टाकला. कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवायचा नाही, बागेत मोठ्याने हसायचं नाही, शेजाऱ्यांच्या गाडीसमोर गाडी लावायची नाही. एकदा एक बाई लायब्ररी बंद होऊ नये म्हणून सह्या गोळा करत आल्या. बाबांनी त्यांना आत बोलावलं, चहा दिला, लायब्ररी किती महत्त्वाची आहे यावर त्यांच्याशी वीस मिनिटं बोलले, आणि सही न करता त्यांना दारापर्यंत सोडून आले. "आपलं नाव कशात नको," हे त्यांचं त्या वर्षीचं वाक्य होतं. मी सतरा वर्षांची होते आणि मला त्याचा राग यायचा. पण पोस्टमनची पावलं वाजली, की मीही हातातलं काम सोडून दाराकडे बघायचे. आज माझ्याकडे इथला पासपोर्ट आहे, मी आईच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे, आणि तरीही दारातून तपकिरी सरकारी पाकीट पडलं की ते उघडायच्या आधी मी हात पुसून घेते.

मिस्टर सोलानेस बार्सिलोनाजवळच्या एका गिरणीच्या गावातले. बायको इंग्लिश होती. ती आम्ही येण्याआधीच गेली होती. सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला, मी स्पॅनिश घेतलं होतं आणि आमच्या टीचरला माझे उच्चार ऐकून दात दुखल्यासारखं व्हायचं, म्हणून आईनेच एकदा मेथीच्या पराठ्यांचा डबा पुढे करून त्यांना विचारलं, की पोरीला जरा शिकवाल का. मग दर मंगळवारी आणि गुरुवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसू लागले. ते पावावर टोमॅटो चोळायचे, त्यावर तेल आणि मीठ घालायचे आणि म्हणायचे, आता क्रियापदं. आम्ही बोलायचो ते इंग्रजी आणि स्पॅनिश मिसळून; मी इथे ते सगळं मराठीत लिहिते आहे, आणि त्यांचा तो घोगरा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी माफी मागितल्यासारखा उतरणारा सूर काही मराठीत आणता येत नाही. शाळेत माझ्या मैत्रिणी होत्या, पण मनातलं बोलावं असे तेच होते. सत्तरीतल्या माणसाशी आपली मैत्री आहे हे सांगायची मला तेव्हा लाज वाटायची.

त्यांचा एक पक्ष होता. म्हणजे ते एका राजकीय पक्षाचे सेक्रेटरी होते, त्यांच्या देशातला हुकूमशहा मेल्यानंतरच्या पहिल्या दोन-अडीच वर्षांत. पक्षाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तरी कुणाला काही आठवणार नाही. वकील, शाळामास्तर, गिरणीचे दोन मालक, एक औषधांच्या दुकानाचा मालक, असे मधले लोक. त्यांना कॅटलोनियाची, म्हणजे त्यांच्या प्रांताची, भाषा आणि कारभार परत हवा होता, पण कुणाशी भांडून नको होता. डावे त्यांना भित्रे म्हणायचे, उजवे त्यांना घरभेदी म्हणायचे. "आमच्या सभेला चाळीस खुर्च्या मांडायचो आणि तीस लोक आले की फोटोग्राफरला पुढे उभं करायचो," असं ते हसत सांगायचे. निवडणूक झाली, हातात जवळजवळ काही आलं नाही, आणि मग माद्रिदमधल्या सत्तेवरच्या मोठ्या पक्षाचं बोलावणं आलं, की आमच्यात विलीन व्हा. त्यावर पक्षाच्या वीस जणांच्या समितीत मतदान झालं. दहा बाजूने, नऊ विरोधात, आणि एकाने जागा कोरी सोडली. बरोबरी झाली असती तर ठराव पडणार होता. त्या एका कोऱ्या जागेने पक्ष संपला.

"आणि तुम्ही?" मी विचारलं होतं.

"मी विरोधात," ते म्हणाले आणि उठून नळाखाली ताटली धरली.

कोरी जागा कुणाची होती, हे त्यांच्या गावात सगळ्यांना माहीत होतं, असं ते म्हणाले. औषधवाले तोरेंत. निकाल ऐकून सभेत तेच रडले होते, आणि माणूस कारणाशिवाय रडत नाही, असं लोकांनी ठरवलं. मतदान असं झालं होतं, की एकेकाने सेक्रेटरीच्या टेबलाशी जायचं आणि आपल्या नावापुढच्या रकान्यात स्वतःच्या हाताने हो किंवा नाही लिहायचं. बाकीच्या ओळी झाकलेल्या असायच्या; पूर्ण कागद फक्त सेक्रेटरीने पाहायचा, बेरीज वाचून दाखवायची. तो कागद मिस्टर सोलानेस पुढे इंग्लंडला घेऊन आले आणि तो एका कापडी फोल्डरमध्ये, पक्षाची पत्रकं, पत्रं आणि वर्तमानपत्राच्या कात्रणांसोबत, त्यांच्या कपाटात पडून होता.

मला हिस्ट्रीचा कोर्सवर्क करायचा होता. टीचर म्हणाले, विषय जितका लहान तितका चांगला, आणि याच्याहून लहान पक्ष मला जगात सापडला नसता. मी विचारल्यावर मिस्टर सोलानेसांनी क्रियापदांची वही पुढे सरकवली. दोन आठवड्यांनी त्यांनीच फोल्डर माझ्यापुढे ठेवलं. तोरेंतांची मुलगी मेर्से येणार होती. तिने त्यांना पत्र लिहिलं होतं, की तुमच्याकडे त्या मतदानाचा कागद असेल तर मला एकदा पाहायचा आहे. "माझा हात थरथरतो," ते म्हणाले. "तू सगळं स्वच्छ अक्षरात उतरवून काढ. ती आली की वाचून दाखव." मी आनंदाने फोल्डर घरी नेलं. त्यांना कागद दाखवायचाच होता तर हात थरथरण्याशी त्याचा काय संबंध, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

रविवारी दुपारी मी माझ्या टेबलाशी बसून पेन्सिलीने वहीत नावं उतरवत होते. मोठा, फुलस्केपहून जरा लांब कागद, निळी शाई, आडनावं वर्णक्रमाने. नावांपुढे कुठे ऐटबाज 'सी', म्हणजे हो, कुठे घाईतलं 'नो'. अठरा नावं झाली. एकोणिसावं सोलानेस, विसावं तोरेंत. तोरेंतांच्या नावापुढे 'नो' होतं, आणि ते दोनदा गिरवलेलं होतं, शाई कागदाच्या पाठीवर उमटेल इतकं. सोलानेस या नावापुढे काही नव्हतं.

मी कागद उजेडात धरून पाहिला. शाई उडाली असेल, असं वाटलं. पट्टी लावून ओळी जुळवल्या. मग कागदावर जे होतं ते वहीत लिहिलं आणि वही मिटून टाकली. मीच काही चोरल्यासारखं मी दाराकडे पाहिलं. कुणीतरी फार मोठं खोटं बोलून तीस वर्षं दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलं होतं, आणि तो कुणीतरी मला टोमॅटोचा पाव खाऊ घालणारा माणूस होता. खालून आईने चक्का बांधायला हाक मारली. मी कागद फोल्डरवर तसाच उघडा ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. दही रात्रभर पंच्यात बांधून नळाला टांगलेलं, घरभर वेलदोड्याचा वास, आणि आई ऑफिसला दांडी मारून सकाळपासून कामात. मी कॉलेजला, बाबा कामावर. आमच्याकडे दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढतात आणि घरातली पुस्तकं, वह्या, हत्यारं पूजेत मांडतात. त्या दिवशी वाचायचं नाही, लिहायचं नाही, पुस्तकाला हात लावायचा नाही; लहानपणी मला हा सण याच कारणासाठी आवडायचा. मी संध्याकाळी घरी आले तर कॉफी टेबलवर आईने सगळं मांडलं होतं. माझी टेक्स्टबुकं, बाबांचा लॅपटॉप, त्याच्या झाकणावर कुंकवाचं बोट, बाबांचा स्क्रूड्रायव्हरचा सेट, आम्हा तिघांचे पासपोर्ट, आणि निळ्या फाइलमधला, कायम राहायच्या परवानगीसाठीचा होम ऑफिसचा अर्ज, जो पुढच्या आठवड्यात जायचा होता. त्या सगळ्यांवर हळद-कुंकू, अक्षता आणि सुपरमार्केटमधल्या बादलीतून आणलेली पिवळी शेवंती, देठांसकट, ओलीगच्च.

"अगं, अर्जावर कुंकू?" बाबा दारातूनच म्हणाले.

"प्लास्टिकच्या कव्हरवर आहे, अर्जावर नाहीये. मला काय तेवढं कळत नाही?" आई म्हणाली. "आणि असू दे थोडं. त्या लोकांना काय कळणार आहे, म्हणतील केचप आहे."

बाबा हसले. त्या महिन्यात ते पहिल्यांदाच हसले असतील. आम्ही श्रीखंड-पुरी खाल्ली, बाबांनी फोनवरून पुण्याला नमस्कार केले, आणि फुलांचा तो ढीग तसाच राहिला, कारण उत्तरपूजा दुसऱ्या दिवशी सकाळी. मी ढिगाखाली काय आहे ते पाहिलं नाही. हात लावायचा नाही, असा तर नियमच होता.

मंगळवारी सकाळी आईने फुलं उचलली आणि मला हाक मारली, "गौरी, हा तुझा कागद. किती छान अक्षर आहे गं. तुझ्या टेबलावर सगळ्यात वर होता, म्हटलं महत्त्वाचा असणार." फुलांचं पाणी रात्रभर त्या कागदाच्या खालच्या भागात मुरलं होतं. वरची अठरा नावं जशीच्या तशी होती. खाली एक मोठा डाग पडला होता, कडेला पिवळा, मध्ये लाल, आणि त्यात निळी शाई विरघळून गेलेली. शेवटच्या दोन ओळींत अक्षर म्हणून काही उरलं नव्हतं.

मी कागद दोन्ही हातांनी धरून खिडकीशी नेला. आईने माझा चेहरा पाहिला, मग कागद पाहिला. हा कागद आमचा नाही, जगात दुसरा नाही, आणि तो पाहायला शनिवारी एक बाई विमानाने येणार आहे, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती सोफ्यावर बसली. "मी तर हात जोडले गं त्याला," ती म्हणाली. एवढंच. तिच्यावर ओरडायचं म्हणून मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. माझी आई रडत नाही; ती कामाला लागते. तिने ऑफिसला फोन करून उशीर होईल सांगितलं, कागद दोन टिश्यूंच्या मध्ये ठेवला, श्रीखंडाचा डबा भरला आणि म्हणाली, "चल. मी केलंय, मी सांगते."

मिस्टर सोलानेस ड्रेसिंग गाऊनमध्येच होते. आईने त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून, तिच्या ऑफिसच्या इंग्रजीत, सगळं सांगितलं. आमच्याकडे वर्षातून एक दिवस आम्ही कागदांची पूजा करतो. सगळ्यात महत्त्वाच्या कागदांची. मला वाटलं, हा मुलीचा महत्त्वाचा कागद आहे. माझी चूक झाली. त्यांनी कागद हातात घेतला, डागाशी नाक नेलं, वास घेतला. "तुम्ही याची पूजा केलीत?" त्यांनी विचारलं. आई हो म्हणाली. "फुलं घालून?" आई पुन्हा हो म्हणाली. ते हसायला लागले, आणि हसता हसता खुर्चीचा हात चाचपून खाली बसले. आईला हायसं वाटलं. मला वाटलं नाही, कारण ते हसणं मला ओळखीचं नव्हतं.

"काही बिघडलं नाही," ते आईला म्हणाले. "गौरीने उतरवून घेतलंय." मग माझ्याकडे पाहून, "सगळं उतरवलंस ना?"

"हो," मी म्हणाले. आणि लगेच, "जवळजवळ."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मला कळलंय हे त्यांना कळलं, हे मला कळलं. आई मध्ये उभी राहून श्रीखंड फ्रिजमध्ये ठेवायला सांगत होती.

त्या आठवड्यात मी ना मंगळवारी संध्याकाळी शिकायला गेले, ना गुरुवारी. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. भिंतीपलीकडून रेडिओ लागला, की मी खोलीतून निघून खाली यायचे. शेवटी शुक्रवारी भाजी निवडताना मी आईला आणि बाबांना सगळं सांगितलं, कोरी जागा कुणाची होती तेही.

बाबांनी चष्मा काढला. "हे बघ बेटा, कागद राहिला नाही. म्हणजे प्रूफ राहिलं नाही. तू एक बोलणार, ते दुसरं म्हणणार, ती बाई अपसेट होणार. उद्या कुणी कम्प्लेंट केली, की ह्यांनी डॉक्युमेंट खराब केलं, तर? आपला अर्ज बुधवारी जायचाय. तू म्हण, शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. कुणाचंच नुकसान नाही."

"त्या बाईचं आहे," आई म्हणाली.

"तिचे वडील गेलेत, मेधा. त्यांना आता काय फरक पडणार?"

आई मेथीच्या जुडीकडे बघत राहिली. ज्या बाईने सोलानेकाकांपुढे सरळ उभं राहून चूक कबूल केली होती, ती त्या क्षणी गप्प बसली, आणि मला तिचा राग आला. आज येत नाही. निळी फाइल टेबलावरच होती आणि तिच्यात आम्ही तिघं होतो. मी वर गेले आणि नव्या कागदावर अठरा नावं लिहिली. बाबांनी सांगितलं म्हणून लिहिली, असं मी पुढे खूप वर्षं स्वतःला सांगत आले. खरं तर मला मिस्टर सोलानेस गमवायचे नव्हते. ते माझे होते आणि तोरेंत मला कोण होते?

शनिवारी मेर्से तोरेंत आल्या. पन्नाशीच्या, आखूड पांढरे केस, पाठीवर सॅक. माझी कल्पना होती की कुणीतरी काळ्या कपड्यातली, दुःखी बाई येईल. त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि दारात बूट काढायचे का म्हणून त्यांनी विचारलं. मिस्टर सोलानेसांनी टाय लावला होता. त्यांनी डाग पडलेला कागद टेबलावर ठेवला आणि तो कसा पडला ते सांगितलं, आईची बाजू घेऊन, अगदी सन्मानाने. मेर्सेंनी डागावरून बोट फिरवलं. नाराज झाल्या असतील, पण दिसू दिलं नाही.

"या मुलीने आधीच उतरवून ठेवलंय," मिस्टर सोलानेस म्हणाले. "वाच, गौरी."

मी वाचलं. एकेक नाव आणि त्यापुढे सी किंवा नो. माझा आवाज माझा वाटत नव्हता. अठरावं नाव झालं आणि मी थांबले. "शेवटच्या दोन ओळी उतरवायच्या राहिल्या होत्या," मी म्हणाले. "तेवढ्यात दसरा आला."

मेर्से मनातल्या मनात मोजत होत्या. गणिताच्या टीचरला तेवढं पुरे. "दहा हो, आठ नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे खाली एक नाही आहे आणि एक कोरी. तुमची आणि माझ्या वडिलांची." त्या मिस्टर सोलानेसांकडे वळल्या. "तुम्हाला आठवत असेल. कागद तर तुम्हीच वाचला होता."

मिस्टर सोलानेसांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची नजर रागावलेली नव्हती; जेवायला बसलेला माणूस रिकाम्या ताटलीकडे पाहील, तशी होती. "खूप वर्षं झाली," ते म्हणाले. "मी फक्त बेरीज करत होतो."

मेर्सेंनी मान हलवली. त्यांनी चहा संपवला, कागदाचा एक फोटो काढला, सोबत आणलेला बदामाच्या बिस्किटांचा एक डबा आईसाठी म्हणून माझ्या हातात दिला, आणि दोघांचे आभार मानून निघाल्या. दाराशी बूट घालताना त्यांच्या नाडीची गाठ दोनदा सुटली. एवढंच मी पाहिलं, आणि तेवढ्याने माझ्यातलं काहीतरी सरकलं. त्या खरंच माझे आभार मानून गेल्या होत्या.

मी घरातल्या चपलांनीच धावले. ग्लॉस्टर रोडच्या स्टॉपवर त्या उभ्या होत्या आणि सेंटरला जाणारी बस कोपऱ्यावर वळत होती. त्यांनी हात पुढे केलेला होता. मला इतका दम लागला होता, की तोंडात स्पॅनिश आणि इंग्रजी एकमेकांत मिसळत होतं. "कोरी जागा त्यांची होती," मी म्हणाले. "सोलानेसांची. तुमच्या वडिलांनी नो लिहिलं होतं. दोनदा गिरवलेलं. मी पाहिलं आहे, माझ्या वहीत आहे. मी खोटं बोलले."

बस थांबली, दार उघडलं. ड्रायव्हरने वाट पाहिली आणि दार मिटून निघून गेला. मेर्सेंचा हात अजून तसाच पुढे होता. मी वाट पाहत होते की त्या ओरडतील, आणि डोक्यात, हो, त्याही वेळी, बुधवारी जाणारा अर्ज होता.

"दोनदा?" त्यांनी विचारलं.

"दोनदा."

त्या स्टॉपमधल्या टेकायच्या लाल फळीवर बसल्या. मग अगदी साध्या आवाजात, मला सांगत आहेत की स्वतःला हे न कळेल अशा, बोलत राहिल्या. लोकांनी दुकानात यायचं बंद केलं होतं. समोरच्या फुटपाथवरून जायचे. वडील घरी आईला शेवटपर्यंत सांगत राहिले, की मी 'नो'च लिहिलं होतं. "आईने कधी विश्वास ठेवला नाही. रोज जेवायला वाढायची, पण विश्वास ठेवला नाही. ती या मार्चमध्ये गेली. आणि मी," त्या म्हणाल्या, "मीही नाही ठेवला. वडील खोटं बोलले होते याचा पुरावा न्यायला मी आज आले होते, म्हणजे मग मला त्यांना माफ करता आलं असतं."

मी सॉरी म्हणाले. त्यांनी माझ्या हाताला हात लावला, वहीतल्या त्या पानाची प्रत पाठव म्हणून पत्ता लिहून दिला आणि पुढच्या बसने गेल्या. प्रत मी सोमवारी, खाली माझं पूर्ण नाव घालून, पाठवली. बाबांना मी ते आधी सांगितलं होतं. त्यांनीच पाकिटावर स्टॅम्प लावला.

पण त्या शनिवारी स्टॉपवरून मी आमच्या घरी गेले नाही. मिस्टर सोलानेसांचं दार लोटलेलंच होतं. ते हॉलमध्ये उभे होते, टाय सैल केलेला, हातात कप पुसायचा टॉवेल.

"सांगितलंस?"

"हो."

"मी खिडकीतून पाहिलं तू धावत गेलीस ते. तुला हाक मारावी असं वाटलं. मग वाटलं, मारू नये." त्यांनी टॉवेल या हातातून त्या हातात घेतला. "मला वाटलं होतं, तू तिच्यासमोर सगळं वाचशील. माझ्याच्याने झालं नसतं. म्हणून तर दिला होता तुला."

मी माझ्यामागे दार लावून घेतलं.

"काय म्हणाली ती?"

मला तेव्हा सौम्य करून सांगता आलं असतं. त्या दिवसापुरती मी खोटं बोलून दमले होते. दुकान, समोरचा फुटपाथ, आई, मार्च महिना, आणि मुलीनेही विश्वास ठेवला नाही, हे सगळं मी जसं ऐकलं तसं सांगितलं. ऐकता ऐकता ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले, टॉवेल गुडघ्यांवर नीट पसरला, त्याची कड बोटांनी सरळ केली.

"दोन्ही बाजूंना माझे मित्र होते, गौरी," ते म्हणाले. "मला वाटलं, असं केलं तर आपल्या हातून कुणाचंच वाईट होणार नाही. म्हणूनच तर मी काही लिहिलं नव्हतं."